महूचा कॅम्प आणि आमची अव्वा

बेळगाव सोडून मला तेवीस वर्षं झाली. 'मुलगी कुठं दिलीय?' असं कोणी विचारलं आणि आमच्या घरच्यांनी 'देवासला' म्हटलं, की समोरचा हमखास म्हणतो, 'म्हणजे कुमार गंधर्वांचं देवास की!' मग मलाही बरं वाटतं. आपल्या सुळेभावीचा हा कानडी मुलगा क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून १९४८ साली इथं आला आणि १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत इथलाच झाला. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं 'भानुकुल' आहे. आमच्या गॅलरीतून ती टेकडी दिसते.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. दिवसकार्य आटोपलं आणि मी अव्वाला देवासला घेऊन आले. आमचं घर शहापुरातलं. आप्पा मराठी, अव्वा कानडी, आणि आम्ही भावंडं दोन्ही. अशी घरं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत, त्यामुळे वाचकांना वेगळं सांगायला नको. धाकटा भाऊ परदेशात असतो. त्याचं म्हणणं, अव्वाला आता एकटं ठेवायचं नाही. तिनं ताईकडेच राहावं आणि शहापूरचं घर भाड्यानं द्यावं. एजंटाचे फोनही सुरू झाले होते. संक्रांतीपर्यंत काय ते ठरवू, असं आम्ही म्हणत होतो. अव्वा काहीच म्हणत नव्हती.

देवासच्या घरात तिला कमी काही नव्हतं. आमचे हे तिला 'आई, आई' करतात, मुलं 'अज्जी, अज्जी' करतात. पण मुलांची शाळा-कॉलेज हिंदी-इंग्रजीत, यांची मराठी माळव्याची, आणि कानडी समजणारी घरात मी एकटी. रोज दुपारी अव्वा मला विचारायची, 'ऊटा आत?' मी 'आत' म्हणायची. बस, तेवढंच तिचं दिवसभरातलं कानडी. एरवी गॅलरीत बसून टेकडीकडे बघत राहायची. भाजीवाला आला की मी बोलायची, डॉक्टरकडे गेलो की मी बोलायची, शेजारीण आली की दोघींच्या मध्ये बसून मीच दुभाषी. अव्वाला हिंदी येत नाही, हे मी धरूनच चालले होते.

नाताळची सुट्टी आली तेव्हा मुलीनंच विषय काढला. 'मम्मी, अज्जीला घेऊन महूला जाऊ या नं. दोन दिवसांत होऊन जाईल. माळव्यातलं छोटंसं इंग्लंड आहे ते.' आमचे हे म्हणाले, 'मग येताना धारला मावशीकडेही जाऊन येऊ.' बेत ठरला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडा भूगोल सांगते. देवास आणि धार ही माळव्यातली दोन जुनी मराठी संस्थानं, दोन्हीकडे पवारांचं राज्य. इंदूर मध्ये धरलं तर देवास ईशान्येला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, धार पश्चिमेला साठेक किलोमीटरवर आणि महू दक्षिणेला तेवीस किलोमीटरवर. देवासची तर आणखीच गंमत. दोन पवार भावांनी गाव वाटून घेतलं, त्यामुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, दोन राजे, दोन राजवाडे. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज यांच्याकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक काही महिने खासगी सचिव म्हणून राहिला होता. त्या दिवसांवर त्यानं पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. त्या नावातली टेकडी म्हणजे हीच, आमच्या गॅलरीतली. याच तुकोजीरावांची राणी कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या, आणि मुलगा विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. म्हणजे बघा, एक माणूस देवासहून आपल्या बाजूला गेला आणि लगेच दुसऱ्या वर्षी दुसरा आपल्या बाजूनं देवासला आला.

सकाळी आठला निघालो. इंदूरला पोहे-जिलेबीसाठी थांबणं हा इथला धर्मच आहे. वाफेवरचे पिवळे पोहे, वर शेव, चिमूटभर जीरावण आणि शेजारी गरम जिलेबी. अव्वानं जिलेबीकडे बघून विचारलं, 'हे न्याहारी की सण?' पण खाल्ली दोन्ही. पुढे आग्रा-मुंबई रस्त्यानं महूकडे वळलो.

महूची वस्ती आली हे कोणी सांगावं लागत नाही. इंदूरचा गजबजाट, हातगाड्या, हॉर्न मागं पडतात. रस्ता सरळ होतो, कडेला जुनी झाडं आणि प्रत्येक बुंध्याला खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. गाडीत मागं टेकून बसलेली अव्वा एकदम पुढं सरकली. काच खाली करून म्हणाली, 'नोड, गिडक्क सुण्णा हच्च्यार!' बघ, झाडांना चुना लावलाय. आणि मग हळूच, 'नम्म क्यांप हंग ऐति.' आपल्या कॅम्पासारखंच आहे.

ते खरंच होतं. कौलारू बंगले, खोल व्हरांडे, फाटकावर नुसता नंबर, मेंदीची कुंपणं, कवायतीचं मैदान, मॉल रोड, मेन स्ट्रीट. मी बेळगावची, कॅम्पातून खानापूर रोडनं शेकडो वेळा गेलेली, पण महूला चार-पाच वेळा येऊनही मला हे साम्य कधी जाणवलं नव्हतं.

साम्याला कारणही आहे. दोन्ही गावं एकाच युद्धाची अपत्यं म्हणावीत. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. त्यानंतर सर जॉन माल्कमनं इंदूरपासून हाकेच्या अंतरावर, महू नावाच्या गावाशेजारी छावणी घातली. हेतू उघड होता, होळकरांवर नजर ठेवायची. देवास आणि धारच्या पवारांनीही १८१८-१९ मध्ये इंग्रजांशी तह केले. आणि त्याच १८१८ सालच्या एप्रिलमध्ये तिकडे जनरल मन्रोनं पेशव्यांच्या ताब्यातला बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला. पुढे तिथंही कॅम्प उभा राहिला. पेशवाई बुडाली तेव्हा तिच्या दोन टोकांना अशा दोन छावण्या बसल्या.

छावणीची घडणही सगळीकडे एकच. गावापासून जरा दूर, मोकळ्यावर साहेबांचे बंगले. पलीकडे पलटणींच्या बराकी. मध्ये चर्च, क्लब आणि मैदान. आणि एका कडेला सदर बाजार. साहेबाला पाव लागतो, सोडा लागतो, गणवेश लागतो, बूट लागतात. म्हणून बाजारात बेकरीवाले, शिंपी, चांभार, पारशी व्यापारी, बोहरी दुकानदार येऊन राहिले. महूत पारशांची अग्यारीही आहे. मुलीला हे सांगत होते तर ती म्हणाली, 'म्हणजे हे सगळं इतकं सुंदर आहे, कारण ते आपल्या मानेवर बसले होते?' मला लगेच उत्तर सुचलं नाही. अव्वा म्हणाली, 'साहेब बसला मानेवर. पण रस्ता झाडतंय, कपडा शिवतंय, पाव भाजतंय ते कोण? आपलीच माणसं की.'

स्वातंत्र्यानंतरही महू लष्कराचंच राहिलं. इन्फन्ट्री स्कूल, दूरसंचाराचं लष्करी महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज अशा तीन मोठ्या संस्था इथं आहेत. या इन्फन्ट्री स्कूलची एक शाखा आपल्या बेळगावात आहे, हे कळल्यावर मुलगा म्हणाला, 'अज्जी, तुझा कॅम्प आणि हा कॅम्प भाऊभाऊच निघाले!'

आता आमच्या फजितीची गोष्ट. आम्ही एका लॉजवर फोन करून दोन खोल्या सांगून ठेवल्या होत्या. तिथं पोचलो तर वहीत आमचं नावच नाही. सुट्टीचे दिवस, सगळं भरलेलं. आमचे हे मॅनेजरशी शांतपणे बोलत होते, मी जरा कमी शांतपणे बोलत होते, मुलगा मोबाइलवर दुसरी लॉजं शोधत होता. पंधरा मिनिटं झाली. तेवढ्यात मागून आवाज आला.

'क्या भैया, बुढ्ढी औरत को कितना खडा रखते तुम? पहले कुर्सी देव, पानी देव, फिर हिसाब करो.'

मी मागं वळून बघितलं. अव्वा! मॅनेजर लगबगीनं उठला, खुर्ची आली, पाणी आलं. अव्वा बसली आणि तिनं त्याला विचारलं, तुमारा गाँव कौनसा, घर में कौन कौन है, माँ है क्या. दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरची एक मोठी खोली निघाली, तीन पलंगांची, आणि वर दोन गाद्या.

खोलीत गेल्यावर मी म्हटलं, 'अव्वा, तुला हिंदी येते?'

'येतंय की. न यायला काय झालं? कॅम्पात वाढलेली मी. आमच्या एका दाराला मद्रासी, एका दाराला गोवेकर, समोर पारशीण. दुकानात फौजी. तिथं कानडी कोण बोलतंय?'

'मग चार महिने देवासला तू तोंड का नाही उघडलंस?'

अव्वा गादीवरची चादर सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, 'मी उघडायच्या आधी तुझं उघडतंय.'

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. डॉक्टरकडच्या सगळ्या खेपा मला आठवल्या. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारायचे, 'माताजी, नींद आती है?' आणि मी म्हणायची, 'हां, ठीक आती है.' तिला झोप लागत होती की नाही, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मेन स्ट्रीटवर फिरायला निघालो. नाताळाचे दिवस, दुकानांवर कागदी चांदण्या लटकलेल्या, बेकऱ्यांतून केकचा वास. घरात पायऱ्या मोजून चढणारी अव्वा आमच्या दहा पावलं पुढं होती. एका शिंप्याच्या दुकानापुढे ती थांबली. फौजी गणवेश शिवणारं जुनं दुकान होतं. काचेमागं पट्टे, टोप्या, पितळी बटणं. तिनं चप्पल काढली आणि सरळ आत गेली.

माझे आजोबा, म्हणजे अव्वाचे वडील, बेळगावच्या कॅम्पात शिंपी होते. आधी गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि १९४७ नंतर आपल्या अधिकाऱ्यांचे कपडे त्यांनी शिवले. हे मला माहीत होतं, पण अगदी वरवर. अव्वानं त्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारून एक कोट हातात घेतला, उलटा केला, अस्तर बघितलं, काजावर अंगठा फिरवला. म्हणाली, 'हात का काज है. मशीन का नहीं.' दुकानदार खूश. त्यानं चहा मागवला. मग दोघांचं अर्धा तास चाललं, कोणतं कापड आटतं, कोणत्या धाग्याला मेण लावायचं, खांद्याला भरण किती घालायचं. लहानपणी शाळेतून आली की ती वडिलांच्या दुकानात काजं करायची म्हणे. एका काजाला एक पैसा. मी तिची मुलगी. माझ्या शाळेच्या ब्लाउजची बटणं तिनंच लावलेली. पण हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

परत येताना तिनं अज्जांच्या उधारीच्या वहीची गोष्ट सांगितली. इंग्रज गेले तेव्हा दोन साहेबांची उधारी राहिली. एकाची मेस जॅकेटची, एकाची दोन पाटलोणींची. अज्जांनी ती पानं फाडली नाहीत. कोणी चेष्टा केली की म्हणायचे, 'राज्य गेलं म्हणून काय झालं, पाटलोण तर नेली ना?' मुलं पोट धरून हसली. पण मुलं ही गोष्ट अज्जीच्या तोंडून थेट ऐकत होती. ती कानडी-मराठी-हिंदीची सरमिसळ बोलत होती आणि त्यांना सगळं कळत होतं. मध्ये मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या इंग्रजी चर्चकडे गेलो. आत प्रार्थना चालू होती म्हणून बाहेरूनच पाहिलं. अव्वाला आपलं सेंट मेरी चर्च आठवलं. १८६९ सालचं ते चर्च कॅम्पातल्या मुलांसाठी घड्याळासारखं होतं. घंटा झाली की दुकान उघडायचं. 'आत कधी गेलीस का?' असं मुलीनं विचारलं. 'एकदा. पारशिणीच्या मुलीबरोबर. आत गार होतं आणि कोणी ओरडलं नाही.'

तिथून भीम जन्मभूमीवर. महूला येऊन हे स्मारक न बघता कोणी जाऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इथल्याच लष्करी वस्तीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. मूळ गाव कोकणातलं आंबडवे, पण नोकरी महूला, म्हणून मुलगा महूचा. २००३ मध्ये गावाला 'डॉ. आंबेडकर नगर' हे नाव अधिकृतपणे मिळालं. लोकांच्या बोलण्यात मात्र महू अजून आहे. पांढऱ्या संगमरवराची घुमटाकार वास्तू आहे. स्मारकाची पायाभरणी १९९१ मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी झाली होती.

आवारात शिरलो आणि कानावर मराठी आलं. विदर्भातून आलेली तीन-चार कुटुंबं होती. एक आजी पायरीवर बसून नातवाला सांगत होत्या, 'बाबासाहेब इथंच जन्मले, बघून घे नीट.' अव्वा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. १९२५ साली बाबासाहेब आपल्या निपाणीला परिषदेसाठी आले होते, ते तिनं आप्पांकडून ऐकलेलं. तिनं त्या आजींना ते सांगितलं. 'निपाणी कुठंशी आलं?' आजींनी विचारलं. 'आमच्याकडं,' अव्वा म्हणाली. चार महिन्यांत तिच्या तोंडून 'आमच्याकडं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. इतक्या दिवसांत कोणी तिला विचारलंच नव्हतं, तुमच्याकडं काय आहे म्हणून.

दुपारी पीथमपूरवरून धारला गेलो. पीथमपूरचे कारखाने संपले की पुन्हा काळी जमीन, गहू आणि हरभरा. धारचा किल्ला लांबूनच दिसतो. याच किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राघोबांनी आनंदीबाईंना इथं पवारांच्या आश्रयाला ठेवलं होतं. पेशवाईचा शेवटचा धनी जन्मला तो इथं, आणि त्याचं राज्य ज्या वर्षी बुडालं त्याच वर्षी महूची छावणी बसली. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज फौजेनं या किल्ल्याला वेढा घातला आणि तटाला खिंडार पाडून तो घेतला. संस्थानही खालसा केलं. ते १८६० मध्ये परत मिळालं. तट बघून मुलगी म्हणाली, 'म्हणजे छावणी नुसती नजर ठेवायला नव्हती.'

मावशी, म्हणजे माझ्या सासूबाईंची बहीण, आता ऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. जेवायला दाल-बाफले, वर तुपाची धार, आणि शेवटी श्रीखंड. मावशी अजून शुद्ध मराठी बोलतात. नातवंडं हिंदीत उत्तर देतात. जेवणानंतर आम्ही मंडळी किल्ल्यावर चक्कर मारून आलो तेव्हा दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसल्या होत्या. मी दारातच थांबले.

मावशी म्हणत होत्या, 'माझं माहेर सांगलीचं. वाडा होता. भाऊ गेले, वाडा पाडला, आता तिथं चार मजली इमारत आहे. जावंसं वाटतं, पण उतरायचं कुठं? विहीणबाई, आपलं घर आहे तोवर जाऊन राहावं. नंतर कोणी जा म्हटलं तरी जाता येत नाही.'

अव्वानं नुसती मान हलवली. तिथं पुढं होऊन तिच्या वतीनं काही बोलावं असं मला फार वाटलं. बोलले नाही.

रात्री देवासला परतताना मुलं झोपली होती. इंदूर मागं पडल्यावर अव्वा म्हणाली, 'संक्रांत झाली की मला सोड.'

'अव्वा, तिथं कोण आहे आता?'

'शेजारी आहेत, गल्ली आहे, देऊळ आहे. दार आहे, ते मी उघडतंय, मी लावतंय. इथं तुम्ही सगळे चांगले. पण इथं मी पाहुणी.'

मला काहीतरी म्हणायचं होतं म्हणून मी म्हटलं, 'कुमारजी पण तिकडचेच. ते राहिलेच की इथं.'

'त्यांना गाणं होतं,' अव्वा म्हणाली. 'मला माझं घर आहे.'

आमचे हे गाडी चालवत होते. त्यांना कानडी येत नाही, पण शेवटचं मराठीत होतं. ते म्हणाले, 'आई, तुम्ही म्हणाल तसं करू.'

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो चिडला. रक्तदाब, गुडघे, रात्रीबेरात्री काही झालं तर, सगळं खरंच होतं. मलाही ती भीती आहे; ती गेली असं खोटं सांगणार नाही. शेवटी असं ठरलं, की घर भाड्यानं द्यायचं नाही. पुढची खोली कॉलेजच्या एखाद्या मुलीला राहायला द्यायची, म्हणजे रात्री सोबत होईल. अव्वानं थंडीत दोन महिने आमच्याकडे यायचं, उन्हाळ्यात मुलांनी तिच्याकडे जायचं. एजंटाला तिनं स्वतः फोन केला. कानडीत. त्यानं पुन्हा फोन केला नाही.

वाचकांपैकी कोणाला यायचं असेल तर दोन शब्द. पुण्याहून इंदूरला थेट गाडी आहे. इंदूरहून महूला बस, टॅक्सी, काहीही मिळतं. रेल्वेच्या फलकावर मात्र 'डॉ. आंबेडकर नगर' हे नाव शोधा. पावसाळ्यात आलात तर जवळच पातालपाणीचा धबधबा आहे, पण पाणी अचानक चढतं, कुंडाकडे उतरू नका. लष्करी भागात विचारल्याशिवाय फोटो काढू नका. एक दिवस हाताशी असेल तर धारहून पस्तीसेक किलोमीटरवर मांडू आहे, तिथला जहाज महाल बघाच. आणि लॉजचं आरक्षण आदल्या दिवशी पुन्हा फोन करून पक्कं करा. प्रत्येकाबरोबर आमची अव्वा नसते.

हे लिहीत असताना खाली भाजीवाला आलाय. अव्वा पिशवी घेऊन उतरली आहे. संक्रांतीला दहा दिवस आहेत, तिकिटं काढून झाली आहेत, मी तिला पोचवायला जाणार आहे. खालून तिचा आवाज येतोय, 'कायकू इतना महँगा? कल तो बीस बोला था.' मी गॅलरीत उभी आहे. मदतीला जायचं नाही, असं मनाला बजावते आहे. भाव तिनं पंधरावर आणलाय.